पांढरं फूल, उसनी खाज

भादव्यात तलवाड्याच्या शिवारात कपाशी कमरेला लागलेली असते. ओळींमधून बाया खुरपी घेऊन उकिडव्या सरकत असतात. लुगड्यावर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला आणि नाकातोंडाला बांधलेला रुमाल. उन्हासाठी ही तयारी असेल असं रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं. पण बांधाच्या कडेला पांढऱ्या फुलांचं एक झाड दिसलं की पुढची बाई मागचीला सांगते, "काँग्रेस हाय ती. नुसत्या हातानं नको उपटू गं." सदरा कशासाठी आहे ते मग कळतं.

हे झाड जवळून पाहण्यासारखं आहे. पान गाजराच्या पाल्यासारखं कातरलेलं, म्हणून गाजर गवत. खोडावर आणि पानांवर बारीक लव, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत. फूल जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं, पांढरं, पाच कोपऱ्यांचं. प्रत्येक कोपऱ्याला एकेक काळी बी धरते, म्हणजे एका फुलाला पाच. फुलं मात्र इतकी की एका जोमदार झाडाच्या बिया दहा-पंधरा हजारांच्या वर जातात. त्या पाण्यावर तरंगतात, चिखलाबरोबर टायरला चिकटतात, शेणखतातून रानात येतात. काही गावांत याला चटक चांदणी म्हणतात. नाव गोड आहे, झाड तसं नाही.

गेवराई तालुक्यातलं तलवाडा त्वरिता देवीमुळे लोकांना माहीत आहे. तिथल्या आजच्या तरुण शेतकऱ्याला हे गवत कायमचंच आहे असं वाटेल, इतकं ते अंगवळणी पडलं आहे. पण त्याच्या आजोबांच्या लहानपणी ते या रानात नव्हतं. ते कसं आलं, आणि त्यानं माणसाच्या अंगाला काय केलं हे समजायला आपल्याला चाळीस वर्षं का लागली, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात पुण्यातल्या उकिरड्यावर होते. १९५०च्या दशकाच्या आरंभी प्रा. परांजपे यांना शहरातल्या कचऱ्याच्या ढिगांवर हे अनोळखी झाड तुरळक दिसलं. १९५६मध्ये आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या नियतकालिकात भारतातली नवी नोंद म्हणून ते जाहीर केलं. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा उष्ण अमेरिकी प्रदेश. त्याआधीही वनस्पतिउद्यानांच्या जुन्या याद्यांत आणि संग्रहांत हे नाव भारतात डोकावून गेलं होतं, पण बागेतलं एखादं रोप आणि मोकाट सुटलेलं तण यांत फरक आहे. मोकाट सुटलं ते पुण्यापासून.

आता गव्हाची गोष्ट. अमेरिकेहून आलेल्या पीएल-४८० गव्हाच्या पोत्यांतून हे बी आलं, गहू काँग्रेसच्या सरकारनं आणला, म्हणून काँग्रेस गवत, असं गावोगाव सांगतात. पांढरं फूल पुढाऱ्यांच्या टोपीसारखं दिसतं म्हणून ते नाव पडलं, असंही म्हणणारे आहेत. पीएल-४८० हा कायदा अमेरिकेत जुलै १९५४मध्ये झाला आणि त्याखाली भारताशी पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ला झाला. पुण्याच्या उकिरड्यावर झाड त्याआधीच उगवलेलं होतं. मग गहू अगदी निर्दोष का? तेही म्हणता येत नाही, कारण १९५१च्या टंचाईत अमेरिकेनं भारताला वीस लाख टन धान्यासाठी कर्ज दिलं होतं आणि तो गहू आपल्या बंदरांत उतरला होता. धान्यातून बी आलं असणं शक्य आहे, पण ज्या कराराला आपण दोष देतो त्या करारातून ते आलेलं नाही. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. दोष कुणाच्या माथी मारायचा यावर आपण फार बोललो, आणि गवत अंगाला लागल्यावर होतं काय हे विचारायला उशीर केला.

पुण्यापासून ते रेल्वेच्या रुळांच्या आणि सडकांच्या कडेनं चालत गेलं. त्याला उघडी, ढवळलेली माती लागते. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईच्या जागेत बाकीचं गवत संपतं आणि हे उरतं. मराठवाड्यात १९७२च्या दुष्काळात सडका, पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीची कामं गावोगाव निघाली, मैलोगणती माती उघडी पडली. पाठोपाठ जायकवाडी आलं. १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं आणि पैठणचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे निघाला. दुष्काळी कामांनी माणसं जगली, कालव्यानं रानं भिजली, त्याबद्दल कुणाची तक्रार असण्याचं कारण नाही. पण उकरलेली माती आणि वाहतं पाणी, या तणाला जे हवं होतं ते दोन्ही याच दशकात इथे एकत्र आलं. दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आणि उन्हाळ्यात परतणाऱ्या बीडच्या गाड्यांनीही थोडं बी वाहिलं असेल, असं मला वाटतं.

तोवर पुण्यात त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे वेगळेच रोगी येऊ लागले होते. बहुतेक मध्यम वयाचे पुरुष, शेतकरी किंवा उघड्यावर काम करणारे. चेहरा, पापण्या, मानेचा सदऱ्याबाहेर राहणारा त्रिकोण, कोपरांची आणि गुडघ्यांची खोबण, एवढ्याच जागा लाल, सुजलेल्या, नंतर जाड आणि काळवंडलेल्या. खाज अशी की रात्र निघत नाही. पावसाळ्यात वाढायची, थंडीत थोडी उतरायची, पुढच्या वर्षी पुन्हा. यातल्या बऱ्याच जणांनी झाडाला हातसुद्धा लावलेला नसायचा. वाळलेल्या पानांचा भुगा, ती बारीक लव, वाऱ्यावर उडून घामेजल्या कातडीवर बसायची तेवढं पुरे होतं. डॉ. लोणकर यांनी व्हँकुव्हरचे मिचेल आणि लंडनचे कॅल्नन या त्वचातज्ज्ञांबरोबर १९७४मध्ये या रोगाचं सविस्तर वर्णन छापलं, आणि 'पुण्यातली साथ' जगाच्या वैद्यकाला माहीत झाली. पुढच्याच वर्षी कर्नाटकानं कायद्यानं हे गवत उपद्रवी तण म्हणून जाहीर केलं.

खाजेचं मूळ द्रव्य पार्थेनिन. त्याची रासायनिक रचना अमेरिकेत वेर्नर हर्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२मध्ये उलगडली होती. त्यांच्या त्या निबंधात दोन द्रव्यांची रचना शेजारी शेजारी मांडलेली होती, पार्थेनिन आणि ॲम्ब्रोसिन. ॲम्ब्रोसिन हे अमेरिकेतल्या रॅगवीड या तणाच्या कुळातलं. रॅगवीडनं तिकडे दर शरद ऋतूत लाखो माणसांना शिंकायला लावलेलं. दोन तणांची भाऊबंदकी रसायनशास्त्राच्या कागदावर तेव्हाच दिसत होती. ती माणसाच्या नाकापर्यंत पोचायला आणखी तीस वर्षं लागली.

नाकाची गोष्ट वेगळी कशी, हे इथे सांगायला हवं. कातडीची ती खाज चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी उठते आणि तिला रक्तातल्या पेशी जबाबदार असतात. शिंका, डोळ्यांतून पाणी, दम लागणं, ओठ सुजणं हे मात्र मिनिटांत होतं, आणि त्यामागे रक्तातलं एक प्रतिपिंड असतं. त्याचा पहिला पुरावा १९२१चा. जर्मनीत ब्रेसलाऊला हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरला शिजवलेला मासा चालत नसे. त्याच्या रक्तातला पातळ भाग कार्ल प्राउस्निट्झनं स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, आणि त्याच जागी गांध उठली. एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या अंगात उतरवता आली. ते प्रतिपिंड नेमकं कोणतं हे कळायला १९६६ उजाडलं. इशिझाका पतिपत्नींनी अमेरिकेत डेन्व्हरला आणि पाठोपाठ योहान्सन आणि बेनिच यांनी स्वीडनमध्ये ते शोधलं. १९६८मध्ये त्याला 'आयजीई' हे नाव मिळालं.

या सुमारास मराठवाड्यातही हवा मोजली जात होती. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक हवेतले परागकण आणि बुरशीचे बीजाणू पकडत होते. त्यांनी आणि कुलकर्णी यांनी १९७०मध्ये स्वतःचं यंत्र जाहीर केलं. एका डब्यात फिरतं पिंप, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी, आणि मिनिटाला पाच लिटर हवा ओढणारी सोय. पट्टीवर दिवसामागून दिवस हवेतलं जे येईल ते चिकटायचं, आठ दिवसांनी पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. परदेशी महाग यंत्रं मिळत नव्हती म्हणून 'टिळक एअर सॅम्पलर' घडला. अनेक विद्यापीठांनी पुढे तो वापरला. तलवाड्याच्या शिवारातला वारा आणि औरंगाबादचा वारा काही वेगळा नाही. त्या पट्ट्यांवर आपल्याच रानांचा इतिहास चिकटत होता.

गाजर गवताच्या परागकणांचा नाकाशी संबंध मात्र बेंगळुरूत पक्का झाला. भारतीय विज्ञान संस्थेतले पी. व्ही. सुब्बा राव १९७०च्या दशकापासून याच्या मागावर होते. १९९१मध्ये त्यांच्या गटानं जे प्रसिद्ध केलं त्यानुसार बेंगळुरूत नाकाच्या ॲलर्जीच्या दर तीन रुग्णांमागे साधारण एकाची कातडी या गवताच्या परागाला उठत होती. तोवर अनेक डॉक्टरांचा समज असा होता की हे गवत कातडीला त्रास देतं, नाकाला नाही.

मग १९९३. या एका वर्षात बेंगळुरूतून या गवताविषयी दोन निबंध आले. दोन्ही वेगळ्या विद्येचे. मी ते नेहमी एकत्र वाचतो.

पहिला श्रीरामराव आणि सुब्बा राव यांचा. त्यांनी गाजर गवताला शिंकणाऱ्या भारतीयांचं रक्त आणि रॅगवीडला शिंकणाऱ्या अमेरिकनांचं रक्त घेतलं. या अमेरिकनांनी गाजर गवत कधी पाहिलंही नव्हतं. तरी त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं गाजर गवताच्या परागाला धरत होती, आणि आपल्याकडच्यांची रॅगवीडच्या परागाला. अर्थ सरळ आहे. बीडचा एखादा इंजिनियर मुलगा नोकरीसाठी अमेरिकेला गेला, तर तिथल्या पहिल्याच सप्टेंबरात त्याला शिंका सुरू होऊ शकतात, न पाहिलेल्या झाडामुळे. अंग ते झाड आधीच ओळखत असतं, कारण भावाला ओळखत असतं. वैद्यक याला क्रॉस-रिॲक्टिव्हिटी म्हणतं. मी याला उसनी ॲलर्जी म्हणतो.

दुसऱ्या निबंधाची पार्श्वभूमी थोडी लांबची. गवत हातानं उपटून संपेना, तणनाशकं परवडेनात, तेव्हा १९८३मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकलराटा हा भुंगा बेंगळुरूत आणला गेला. कीटकशास्त्रज्ञ के. पी. जयंत त्या कामात होते. दुधी रंगाचा, पाठीवर तपकिरी वळणदार रेघा असलेला, हरभऱ्याच्या दाण्याहून लहान. तो आणि त्याच्या अळ्या हेच गवत खातात. परीक्षा घेऊन १९८४मध्ये तो मोकळा सोडला आणि काही वर्षांत त्यानं बेंगळुरूभोवतीची रानं उघडी केली. पण १९९०च्या दशकाच्या आरंभी शेतकऱ्यांनी आरडाओरड केली की भुंगा सूर्यफुलावर बसून पानं खातोय. सूर्यफूल तेव्हा कर्नाटकात आणि मराठवाड्यात जोरात होतं. भुंगे सोडणं थांबलं, चौकशा बसल्या.

जयंत आणि सहकाऱ्यांनी शोधून या दुसऱ्या निबंधात मांडलेलं कारण असं: सूर्यफुलाच्या पानांवर शेजारच्या गाजर गवताचा पराग वाऱ्यानं येऊन बसला होता. त्या परागाच्या ओढीनं भुंगा ते पान कुरतडत होता. स्वच्छ पान तो तसं खात नव्हता, आणि सूर्यफुलावर त्याची पिढी वाढतही नव्हती. त्या निबंधाच्या आधी बेंगळुरूचेच कांचन आणि जयचंद्र यांनी १९८०मध्ये दाखवलं होतं की हाच पराग मिरची, टोमॅटो, वांग्याच्या फुलांवर पडला की फळधारणा कमी होते. माणसाच्या रक्ताला झालेली गफलत आणि भुंग्याच्या जिभेला झालेली गफलत एकाच परागानं घडवली, आणि दोन्ही एकाच वर्षी, एकाच शहरातून कागदावर आल्या.

उसन्या ॲलर्जीची सर्वांत अनपेक्षित वाट पोटाकडे जाते. ती युरोप-अमेरिकेत आधी सापडली. १९७०मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी लिहिलं की रॅगवीडला शिंकणाऱ्या काहींना खरबूज, कलिंगड आणि केळं खाल्ल्यावर तोंडात खाज येते. १९८५मध्ये स्वित्झर्लंडच्या व्यूथ्रिख यांनी मगवर्टच्या परागाबरोबर सेलरी, गाजर आणि मसाल्यांची ॲलर्जी जोडलेली दाखवली. मगवर्ट म्हणजे आपण ज्योतिबाला वाहतो त्या दवण्याची जवळची चुलत बहीण, आणि गाजर गवत, रॅगवीड, सूर्यफूल, शेवंती यांच्याच मोठ्या कुळातली. १९९७मध्ये स्पेनमधून कबाय्येरो आणि सहकाऱ्यांनी मगवर्टचा पराग आणि हेझलनट यांच्यात तेच नातं दाखवलं. दोन वर्षांनी नेपल्सच्या डॉक्टरांनी लिहिलं की तिथल्या भिंतींवर उगवणाऱ्या पॅरिएटारिया तणाची ॲलर्जी असणाऱ्यांत पिस्त्याविषयीची संवेदनशीलता वारंवार आढळते. तण भिंतीवर, पिस्ता वाटीत, कुळं निरनिराळी, आणि रक्ताला दोघांत सारखेपणा दिसतो.

तो सारखेपणा प्रथिनांचा असतो. झाड कोणतंही असो, त्याच्या पेशींना काही कामं करावीच लागतात, आणि त्यासाठीची प्रथिनं लाखो वर्षांत फार बदललेली नाहीत. प्रोफिलिन हे असं एक. १९९१मध्ये ते परागातलं ॲलर्जिक द्रव्य म्हणून ओळखलं गेलं. ते नाजूक असतं. शिजवलं, भाजलं किंवा जठरातल्या आम्लात गेलं की मोडतं, म्हणून त्याची खाज बहुधा ओठ, जीभ, टाळू एवढ्यावर थांबते. स्निग्ध पदार्थ वाहून नेणारं दुसरं एक प्रथिन, एलटीपी, चिवट असतं. ते भाजण्याला आणि पचनाला दाद देत नाही, त्यामुळे ते असलेला सुका मेवा खाल्ल्यावर अंगभर गांधी, उलट्या, श्वास कोंडणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. तोंडात नुसती खाज येणं आणि घसा आवळणं यांत जीव जाण्या-न जाण्याचं अंतर आहे. घसा आवळू लागला तर घरगुती उपाय करत बसू नये. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मिळेल तिथे ताबडतोब गाठावं.

आपल्याकडे या वाटेचं एक जुनं टोक घरातच आहे. पिस्ता, काजू, आंबा, चारोळी आणि बिब्बा ही सगळी एका कुळाची झाडं. बिब्ब्याचा काळा रस कातडीला फोड आणतो हे आजीला माहीत असतं, आणि त्याच बिब्ब्याच्या आतली गोडंबी ती बाळंतिणीच्या लाडवात घालते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर फोड उठले, ते परटानं कपड्यांवर बिब्ब्यानं केलेल्या खुणांमुळे. १९४३मध्ये अमेरिकी वैद्यक नियतकालिकात त्यावर लेख आले. त्या सैनिकांपैकी अनेकांना मायदेशी पॉयझन आयव्ही नावाच्या वेलीनं आधीच पोळलं होतं. वेल या कुळातलीच, रसातलं द्रव्यही जवळचं. बिब्बा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण त्यांच्या कातडीनं ओळखला. नेपल्सच्या पिस्त्यापेक्षा ही तऱ्हा वेगळी, परागाची नव्हे तर रसाची, तरी उसनेपणा तोच.

मराठवाड्यात आज या गवताशी लढाई परभणीहून चालते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ पावसाळ्यात मेक्सिकन भुंगे शेतकऱ्यांना पुरवतं. हेक्टरी पाचशे भुंगे सोडावेत अशी शिफारस असते, आणि मोकळ्या जागेत तरोट्याचं बी फेकावं म्हणजे त्याच्या दाटीत गवत मागे हटतं. १६ ते २२ ऑगस्ट हा देशभर गाजर गवत निर्मूलनाचा आठवडा पाळतात. उपटायचं ते फूल येण्याआधी, हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधून. ज्याला एकदा खाज लागली त्यानं तर त्या कामाला जाऊच नये, कारण एकदा अंगानं हे द्रव्य ओळखलं की ते सहसा विसरत नाही. खुरपणीच्या मजुरीवर चूल पेटणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं आहे, तिनं ते पाळणं अवघड आहे. म्हणून हातमोज्यांचा जोड देणं हे रान ज्याचं त्याचं काम आहे असं मी मानतो.

दिवाळीनंतर भुंगा जमिनीत शिरतो आणि मातीतच निजून राहतो. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की तो वर येतो. त्याच सरींनी बांधावर गाजरासारखी दोन-दोन पानं उगवलेली असतात. तलवाड्यात त्या आठवड्यात कपाशीची लावण सुरू असते आणि उन्हाळाभर खुंटीला टांगलेला जुना सदरा पुन्हा खाली उतरतो.